गाळलेले पाणी पिवळे का?

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. अकरावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी प्रात्यक्षिकाच्या तासाला काचेची बाटली घेऊन आली. बाटलीत बिनदुधाच्या, फिक्या चहासारख्या रंगाचे पाणी होते. तिच्या गावाबाहेर आमराईला लागून एक तळे आहे. तळ्याकाठच्या विहिरीवर गावाची नळयोजना चालते. पहिल्या मोठ्या पावसाने तळे भरले, की आठ-पंधरा दिवस तळ्याचे आणि विहिरीचे पाणी असे दिसते, असे तिने सांगितले. तिचा प्रश्न मात्र मोठा नेमका होता. “सर, हे पाणी मी चार पदरी फडक्यातून गाळले. मग इथल्या गाळणकागदातून दोनदा गाळले. कागद पाहा, जवळजवळ कोरा आहे. मग रंग कुणाचा?”

मी लगेच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मला ते पुरते ठाऊक नव्हते. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, आणि प्रश्न निम्मा रसायनशास्त्राचा. शेजारच्या विभागात जाऊन बसलो, पुस्तके चाळली, तेव्हा लक्षात आले, की गेली पन्नास वर्षे जगभरच्या पाणीपुरवठा केंद्रांना सतावणारा एक प्रश्नच या मुलीने बाटलीत भरून आणला आहे. आणि गंमत म्हणजे, त्याच्या उत्तराचा गाभा रसायनशास्त्राइतकाच आमच्या पदार्थविज्ञानातलाही आहे.

पानांचा काढा

विद्यार्थी मित्रांनो, चहा कसा होतो? पाने उकळत्या पाण्यात टाकली, की पानांतील काही पदार्थ पाण्यात उतरतात. तळ्याकाठी हेच घडते, फक्त थंड पाण्यात आणि सावकाश. झाडाखाली साचलेल्या पालापाचोळ्यावर जिवाणू आणि बुरशी तुटून पडतात. साखर, पिष्ट असे पचायला सोपे पदार्थ ते आधी संपवतात. झाडाला टणकपणा देणारे लिग्निनसारखे चिवट पदार्थ मागे उरतात, तेही अर्धवट तुटतात, पुन्हा जोडले जातात, आणि त्यांतून काळपट ह्यूमस तयार होतो. शेतकरी ज्याला जमिनीचा कस म्हणतो, त्यात याचा वाटा मोठा. पहिल्या पावसाचे पाणी या ह्यूमसमधून झिरपते, तेव्हा त्यातील विरघळणारा भाग बरोबर घेऊन येते. या भागाला ह्यूमिक आणि फुल्विक आम्ले म्हणतात. नावे दोन असली, तरी हे दोन पदार्थ नव्हेत. ती हजारो वेगवेगळ्या रेणूंची सरमिसळ आहे. त्यांचे एकच एक सूत्र फळ्यावर लिहून दाखवता येत नाही.

हा माल असतो तरी किती? नद्या-तलावांच्या पाण्यात सेंद्रिय कार्बन साधारणपणे लिटरला २ ते १० मिलिग्रॅम असतो. दलदलीच्या प्रदेशात याहून बराच जास्त. लिटरला ५ मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत ५ ग्रॅम, चहाच्या चमच्यात साखर मावते तेवढा. त्यात पालापाचोळ्याबरोबर पाण्यातील शेवाळाचा, आणि वस्ती जवळ असेल तर सांडपाण्याचाही वाटा असतो.

आता आकाराकडे वळू. मातीचा बारीक कण मिलिमीटरचा एक हजारावा भाग एवढा, म्हणजे एक मायक्रोमीटर व्यासाचा धरा. ह्यूमिक रेणू एक-दोन नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्याही हजारांश. मातीचा कण बैलगाडीच्या चाकाएवढा फुगवला, तर हा रेणू मोहरीच्या दाण्याएवढा दिसेल. पाणीपुरवठा केंद्रातील वाळूच्या थरात कणाकणांमध्ये जी फट असते, ती साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. आपल्या मापाने ती होईल सुमारे दीडशे मीटर रुंदीचा दरवाजा! मोहरीचा दाणा त्या दरवाजाला अडेल कसा? फडके, गाळणकागद यांचीही तीच कथा.

बरे, गाळून निघत नाही तर निवळून निघेल? पाण्यात पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे स्टोक्सचे सूत्र तुम्हांला अकरावीत भेटेल. एक दशांश मिलिमीटरची बारीक वाळू एक मीटर खाली बसायला सुमारे दोन मिनिटे घेते. मातीचा एक मायक्रोमीटरचा कण व्यासाने शंभरपट लहान, म्हणून दहा हजारपट सावकाश. हिशेब करून पाहा, तेरा-एक दिवस होतात. आणि ह्यूमिक रेणू? तो कधीच बसणार नाही. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्याला इतके ढकलत असतात, की गुरुत्वाकर्षणाची क्षीण ओढ त्या धक्काबुक्कीत हरवून जाते. गढूळ घागर रात्रभर ठेवली तर सकाळी थोडी तरी निवळते. पिवळी घागर महिन्याने पाहिली तरी पिवळीच.

क्लोरीनची चांगली बाजू, आणि दुसरी

पण पिवळे असले म्हणून बिघडले कुठे? आपण चहा पितोच की! प्रश्न रास्त आहे. हे पदार्थ स्वतः फारसे अपायकारक नाहीत. स्कॉटलंडमध्ये, स्वीडन-फिनलंडमध्ये पिवळसर, तपकिरी पाण्याचे ओढे आणि तळी शेकड्यांनी आहेत. अडचण सुरू होते ती पाण्यात क्लोरीन पडल्यावर.

क्लोरीनचे उपकार आधी सांगायला हवेत. २६ सप्टेंबर १९०८ या दिवशी अमेरिकेतील जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या बूंटन जलाशयावर डॉ. जॉन लील यांनी पाण्यात क्लोरीनयुक्त चुन्याचे, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरचे, द्रावण सोडायला सुरुवात केली. पिण्याच्या पाण्यात ‘विष’ घालणे तेव्हा इतके वादग्रस्त होते, की प्रकरण न्यायालयात लढवले गेले. न्यायालयाने लील यांची पद्धत मान्य केली. पुढील काही वर्षांत शेकडो शहरांनी ती उचलली आणि विषमज्वर, पटकी यांसारखे पाण्यातून पसरणारे रोग झपाट्याने मागे हटले. पाण्यात क्लोरीन घालण्याने जितके जीव वाचवले, तितके फार थोड्या शोधांनी वाचवले असतील.

पुढची साठ-पासष्ट वर्षे क्लोरीनबद्दल फारशी शंका कुणी घेतली नाही. मग १९७४ साल उजाडले.

हॉलंडमधील रॉटरडॅम शहर ऱ्हाइन आणि मास या नद्यांच्या मुखाशी वसलेले आहे. युरोपातील निम्म्या कारखान्यांचे आणि गावांचे पाणी पोटात घेऊन ऱ्हाइन तिथे पोहोचते. तिथल्या पाणीपुरवठा खात्यात योहानेस रूक नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत. पाण्याला वास कशाचा येतो, याचा तपास त्यांच्याकडे होता. त्यांनी वापरलेली युक्ती मला फार आवडली. पातेल्यात काय शिजते आहे, हे झाकण काढताच वाफेवरून कळते, नाही का? रूक यांनी पाण्याची तपासणी न करता, बंद बाटलीत पाण्यावर साठलेल्या हवेची तपासणी केली. बाटली जरा गरम करायची, पाण्यातून निसटलेले बाष्पशील पदार्थ वरच्या हवेत जमू द्यायचे आणि ती हवा गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वायु-वर्णलेखनाच्या यंत्रात सोडायची. हे यंत्र मिश्रणातील घटक वेगळे करून एकेकाची नोंद आलेखावर उंचवट्याच्या रूपाने करते.

नदीच्या कच्च्या पाण्यात जे उंचवटे नव्हते, ते क्लोरीन घातलेल्या पाण्यात दिसले. त्यांतला एक होता क्लोरोफॉर्मचा! होय, तेच क्लोरोफॉर्म, १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी रोग्यांना भूल देण्यासाठी वापरलेले. बरोबर त्याची ब्रोमीनयुक्त भावंडेही होती. पहिला संशय साहजिकच कारखान्यांवर जातो. पण कारखान्यांनी ते नदीत सोडले असते, तर कच्च्या पाण्यातही सापडले असते. म्हणजे ते पाणीपुरवठा केंद्रातच तयार होत होते. रूक यांनी दलदलीतील कुजकट माती, जिला पीट म्हणतात, तिचा पाण्यात काढा केला आणि त्यात क्लोरीन सोडला. पुन्हा तेच उंचवटे आले. आरोपी कारखाना नव्हता, पालापाचोळा होता. ह्यूमिक पदार्थ आणि क्लोरीन यांची गाठ पडली, की क्लोरोफॉर्म जन्माला येते.

बारावीच्या रसायनशास्त्रात हॅलोफॉर्म विक्रिया असते, तिचीच ही दूरची बहीण. त्या वर्षी अमेरिकेतील संशोधकांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले. १९७५ मध्ये तिथल्या ८० शहरांची पाहणी झाली; जिथे क्लोरीन वापरत होते, तिथे सगळीकडे हे पदार्थ सापडले. १९७६ मध्ये मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म दिलेल्या उंदरांना कर्करोग झाल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि १९७९ मध्ये अमेरिकेने अशा चार संयुगांवर मिळून लिटरला १०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. आज ती ८० आहे. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकात एकट्या क्लोरोफॉर्मसाठी लिटरला ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरच्या टाकीत गव्हाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाइतके.

इथे एक चूक करण्याचा मोह होतो. क्लोरीनने असे होत असेल, तर क्लोरीनच बंद करा! असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांत सुशिक्षित लोक अधिक होते. पटकीचा जंतू धडधाकट माणसाला एका दिवसात अंथरुणाला खिळवतो. क्लोरोफॉर्मचा धोका मोजायचा तो जन्मभर रोज ते पाणी पिण्याच्या हिशेबाने, आणि तोही अगदी लहान आहे. उपपदार्थ कमी करण्याच्या नादात जंतुनाशनात मुळीच ढिलाई करू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ सांगितले आहे. मग उरतो एकच मार्ग. क्लोरीन पाण्यात पडण्यापूर्वी त्याचे खाद्य काढून घ्यायचे.

पूर्वी अनेक केंद्रांत नदीचे कच्चे पाणी आत शिरतानाच क्लोरीनचा भरपूर डोस देत, म्हणजे पुढच्या टाक्यांत शेवाळ धरत नसे. क्लोरीनची ती जागा बदलून ते गाळणीनंतर घालायचे, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. पण त्याचा उपयोग व्हायचा, तर मधल्या टप्प्यांत पिवळा रंग निघून गेला पाहिजे. जो गाळून निघत नाही, बसून निघत नाही, तो काढायचा कसा?

तांदळाच्या दाण्याएवढी तुरटी

आजी घागरीत तुरटीचा खडा फिरवते, हे तुम्ही पाहिले असेल. त्यात काय होते, ते आधी गढूळ पाण्यावर पाहू. पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात चमचाभर चिकणमाती ढवळा. तासभर ठेवून वरचे गढूळ पाणी तीन पेल्यांत समान ओता. नळाचे पाणी नको. त्यातील कॅल्शियम आधीच या प्रयोगात लुडबूड करते. एका पेल्यात तांदळाच्या दाण्याएवढे मीठ, दुसऱ्यात तेवढेच एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि तिसऱ्यात तेवढीच तुरटीची पूड टाका. मिनिटभर जोराने ढवळा, मग दहा मिनिटे हळूहळू. पेले खिडकीत ठेवून अर्ध्या तासाने पाहा. तुरटीचा पेला निवळू लागलेला दिसेल. मिठाचा तसाच गढूळ राहील. एप्सम सॉल्टचा या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

मातीच्या प्रत्येक कणावर ऋण विद्युत्भार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात. कण जवळ येऊ शकले, तर रेणूंमधील आकर्षणाने चिकटतील. पण ऋणभाराचे कुंपण त्यांना तेवढे जवळ येऊच देत नाही. पाण्यात धनभारित आयन सोडले, की ते कणाभोवती गोळा होतात आणि कुंपण झाकले जाते. मिठातील सोडियमवर एक धनभार, मॅग्नेशियमवर दोन, तुरटीतील ॲल्युमिनियमवर तीन. तुम्ही म्हणाल, तिप्पट भार म्हणजे तिप्पट परिणाम. नाही! शुल्झ यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये प्रयोगाने दाखवले, की भार वाढतो तशी लागणारी मात्रा कितीतरी झपाट्याने घटते. त्याचा सिद्धान्त १९४० च्या दशकात डेरयागिन आणि लांडाऊ या रशियन, तर व्हर्वाय आणि ओव्हरबेक या डच शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडला. त्यानुसार ही मात्रा भाराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. दोनाचा सहावा घात ६४, तिनाचा ७२९. म्हणजे एकभारी आयनांची ७२९ मापे जे काम करतील, ते त्रिभारी आयनांचे एक माप करील. पदार्थविज्ञानात सहावा घात क्वचितच भेटतो. भेटला, की मी वर्गात जरा थांबतो.

हा हिशेब सुंदर असला, तरी पाण्यातील तुरटीची पूर्ण कथा त्यात येत नाही, हे कबूल केले पाहिजे. ॲल्युमिनियमचा त्रिभारी आयन साध्या पाण्यात फार वेळ तसा राहत नाही. तो पाण्याशी विक्रिया करतो, धनभारित हायड्रॉक्सी-संयुगे बनतात, आणि शेवटी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पांढरे पुंजके तयार होतात. आपल्या मोहरीच्या दाण्यांसाठी हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

ह्यूमिक आम्लांच्या रेणूवर कार्बॉक्सिल गट असतात. पाण्यात ते हायड्रोजन आयन सोडून देतात आणि रेणू ऋणभारित होतो. हा भार आहे, म्हणूनच तो पाण्यात सुखाने विरघळून राहतो. धनभारित ॲल्युमिनियम संयुगे त्याला जाऊन बिलगली, की भार नाहीसा होतो, त्याबरोबर विरघळण्याचे कारणही नाहीसे होते, आणि रेणू साका होऊन बाहेर पडतो. जे उरतात, ते हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांच्या पृष्ठभागावर चिकटतात. पुंजके मोठे होत जातात, जड होतात, खाली बसतात. जे बसत नाहीत, ते आता वाळूला अडण्याइतके मोठे झालेले असतात. मोहरीचा दाणा दरवाजाला अडत नव्हता. पण त्याला गवताच्या गंजीत खोवला, तर गंजी अडते!

आता दुसरा प्रयोग करा. आंब्याची किंवा जांभळाची मूठभर वाळकी पाने तीन-चार दिवस पाण्यात भिजत घाला. पाणी गाळून, फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून तीन पेल्यांत घ्या. पहिला पेला तसाच ठेवा. दुसऱ्यात तुरटीची चिमूट, पाव ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्या निम्मा खाण्याचा सोडा. तिसऱ्यात तुरटी तेवढीच, पण सोडा दुसऱ्याच्या चौपट. पूर्वीसारखेच ढवळा आणि तासभर ठेवा. दुसऱ्या पेल्यात तळाशी तपकिरी साका बसेल आणि वरचे पाणी फिके होईल. तिसऱ्यात पुंजके दिसतील, पण पाणी त्यामानाने रंगीत राहील. तुरटी तीच असताना असे का? पाणी जितके अल्कधर्मी, तितका ह्यूमिक रेणूवरील ऋणभार जास्त आणि ॲल्युमिनियम संयुगांवरील धनभार कमी. मातीचा गढूळपणा काढायला पीएच मूल्य सात-साडेसात चालते. सेंद्रिय पदार्थ काढायचे, तर ते साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान बरे. एक मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बनासाठी पीएच ७ ला साधारण एक मिलिग्रॅम ॲल्युमिनियम लागते, तर साडेपाचला त्याच्या निम्मे पुरते. खर्चात केवढा फरक पडला पाहा. मात्र पीएच याहून खाली गेले, तर ॲल्युमिनियमच पाण्यात विरघळून राहू लागते. म्हणून हा खेळ बेताने खेळावा लागतो.

आणखी एक गोष्ट अनुभवी माणसालाही फसवते. जास्त गढूळ पाण्याला जास्त तुरटी, हा आपला अंदाज. पण ह्यूमिक रेणू इतके बारीक आणि इतके भारित असतात, की थोड्या मिलिग्रॅमांत मातीच्या मोठ्या ढिगाहून अधिक ऋणभार सामावलेला असतो. त्यामुळे काचेसारख्या पारदर्शक, पण पिवळ्या पाण्याला कधी कधी लाल गढूळ पाण्याहून जास्त तुरटी लागते. तुरटी ठरवायची ती डोळ्यांना दिसणाऱ्या मातीवरून नव्हे. त्यासाठी पाणीपुरवठा केंद्रात जार टेस्ट करतात. एका ओळीत सहा बीकर, एकाच वेगाने फिरणाऱ्या सहा पट्ट्या, प्रत्येकात तुरटीचे वेगळे प्रमाण. कोणता बीकर कमी तुरटीत चांगला निवळतो, ते पाहून दिवसाचा डोस ठरतो. आपला पेल्यांचा प्रयोग म्हणजे गरिबाची जार टेस्टच.

अमेरिकेत १९९८ च्या नियमांनी तुरटीच्या या वाढीव कामाला कायद्याचे रूप दिले. कच्च्या पाण्यात लिटरला २ ते ४ मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन असेल आणि पाण्याची क्षारता कमी असेल, तर त्यातील ३५ टक्के कार्बन काढलाच पाहिजे. क्षारता लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर १५ टक्क्यांवर भागते; कारण असे पाणी पीएच खाली उतरू देत नाही, आम्ल ओतत बसावे लागते. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातून मुरत आलेल्या पाण्यात बायकार्बोनेटे बरीच असतात, तेव्हा ही सवलत आपल्याला परकी नाही.

इथे शेवग्याची आठवण होते. शेवग्याच्या बियांतील काही प्रथिने धनभारित असतात, आणि बियांची पूड घातली तर गढूळ पाणी खरोखर छान निवळते. पण कुटलेल्या बीबरोबर तिच्यातील बाकीचे सेंद्रिय पदार्थही पाण्यात उतरतात. म्हणजे माती गेली आणि ज्याच्यामागे आपण लागलो आहोत, तोच पाहुणा वाढला. असे पाणी फार काळ साठवता येत नाही.

जे तुरटीला दाद देत नाहीत

सगळेच सेंद्रिय पदार्थ तुरटीच्या जाळ्यात येत नाहीत. मोठे, भारित ह्यूमिक रेणू येतात; शेवाळातून किंवा सांडपाण्यातून आलेले लहान, भाररहित रेणू निसटतात. पाणी कोणत्या जातीचे आहे, हे ओळखायची युक्ती पुन्हा आमच्या खात्यातली! पाऱ्याच्या दिव्यातून निघणारा २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार किरण पाण्यातून सोडायचा. ह्यूमिक रेणूंमध्ये बेंझीनसारखी वलये पुष्कळ असतात आणि ती हा किरण शोषून घेतात. दर मीटरला झालेल्या शोषणाला कार्बनाच्या मिलिग्रॅमांनी भागले आणि उत्तर चाराच्या वर आले, तर तुरटी चांगले काम करील. दोनाच्या खाली आले, तर तुरटीवर फार भिस्त ठेवू नये.

अशा वेळी सक्रियित कोळसा उपयोगी पडतो. नारळाची करवंटी किंवा दगडी कोळसा विशिष्ट रीतीने तापवून त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडतात. छिद्रांच्या आतील भिंती धरल्या, तर एका ग्रॅमला सुमारे हजार चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. तशी साडेसात मैदाने चिमूटभर कोळशात! या भिंतींवर रेणू चिकटून राहतात. मात्र भिंती भरल्या, की कोळसा बदलावा लागतो किंवा पुन्हा भाजून घ्यावा लागतो, आणि ते खर्चिक असते. त्याच्या आधी पाण्यात ओझोन सोडला, तर मोठे रेणू तुटून जिवाणूंना पचतील असे होतात. मग कोळशाच्या कणांवर वाढणारे निरुपद्रवी जिवाणूच पुष्कळसे काम करून टाकतात.

रूक यांच्या हॉलंडने ही वाट शेवटपर्यंत चालून दाखवली. सेंद्रिय पदार्थ इतके काढले, की जिवाणूंना नळात वाढायला खाद्यच उरू नये. जंतुनाशनासाठी ओझोन, जंबुपार किरण असे इतर मार्ग घेतले. २००५ पासून तिथल्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन वापरत नाहीत.

मग आपणही का वापरावे? कारण तिथे नळाला चोवीस तास दाबाखाली पाणी असते आणि नळातून गळती अगदी थोडी. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसातून काही वेळच येते. ते बंद झाले, की नळातील दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. त्यासाठी शेवटच्या घराच्या नळापर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक हवा. आपल्या मानकानुसार लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. आणि इथेच पिवळा रंग आडवा येतो. टाकीत घातलेला क्लोरीन या पदार्थांशी विक्रिया करण्यातच खर्च होतो. ज्या दिवसांत जंतूंची भीती सर्वांत जास्त, त्याच पहिल्या पावसाच्या दिवसांत शेवटच्या नळाला क्लोरीन पोहोचत नाही.

ही चोरी प्रयोगशाळेत दाखवता येते. क्लोरीनऐवजी पोटॅशियम परमँगनेटचे फिके गुलाबी द्रावण घ्या. पानांचे मूळ पाणी एका पेल्यात, तुरटीने निवळलेले दुसऱ्यात, आणि ऊर्ध्वपातित पाणी तिसऱ्यात, तिन्ही समान. प्रत्येकात थेंब थेंब द्रावण टाका आणि गुलाबी छटा दहा मिनिटे टिकायला किती थेंब लागतात, ते वहीत लिहा. हे तुमच्या गुरुजींच्या देखरेखीखाली करा, हातांना आणि कपड्यांना डाग पडू देऊ नका, आणि कोणत्याही पेल्यातील पाणी पिऊ नका.

बाटली घेऊन आलेल्या विद्यार्थिनीने हा प्रयोग केला. आकडे पाहून ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “सर, आमच्या जलसुरक्षककाकांवर लोक उगाच चिडतात. पहिल्या पावसात ते रोजच्यापेक्षा जास्त पावडर टाकतात, टाकीजवळच्या नळाला तपासणीत क्लोरीन दिसतो, आणि वेशीजवळच्या घरात काहीच दिसत नाही. सगळ्यांना वाटते, त्यांनी पावडर टाकलीच नाही.”

पुढच्या शनिवारी तिने प्रयोगशाळेतून सहा जुने बीकर मागून नेले. पट्ट्या फिरवायला यंत्र नाही; सहा मैत्रिणी सहा काड्यांनी, टाळीच्या ठेक्यावर ढवळणार आहेत.